कॅप्टनला बाहेर ढकललं त्या रविवारी

"ढकललं की ओ त्याला!" अप्पा म्हणाले.

पडद्यावर नावं धावायला लागली होती, तरी क्लबच्या हॉलमधून कुणी उठेना. सतरंजीवर कारखान्याची अख्खी कॉलनी बसलेली. बायका, पोरंबाळं, रात्रपाळीची माणसं झोप टाकून आलेली. टीव्हीत काळ्याकुट्ट आकाशात एक डबी गरगरत लांब लांब चालली होती. डबीच्या गोल काचेला नाक लावून म्हातारा कॅप्टन बाहेर बघत होता. आणि ज्यानं त्याला दंडाला धरून त्या डबीत कोंबलं, कडी लावली आणि बटण दाबलं, तो पहिल्या रांगेत माझ्या अप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर हातात पोह्यांची बशी घेऊन बसला होता.

तो सुहास मगदूम. टीव्ही बंद झाला की आमच्या घरी त्याची आणि माझी सुपारी फुटायची होती.

आमच्याकडं लग्न ठरलं म्हणजे सुपारी फुटली. त्याआधी मुलगी पसंत पडो, पत्रिका जुळो, काही खरं नाही. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, दगडानं सुपारी फोडतात, तुकडे वाटतात, आणि त्यानंतर शब्द फिरवता येत नाही. तोवर कुणीही उठून चपला घालू शकतो. आमच्या अंगणात तर बऱ्याच जणांनी घातल्या होत्या. मी चोवीस वर्षांची, आई लहानपणीच गेलेली, रूपानं बरी, शिक्षण बी.ए. तरी स्थळं यायची, पोहे खायची आणि पुसट होत जायची.

सुहासचं तसं झालं नव्हतं. तो कोल्हापूरचा, वीज मंडळात नोकरीला. हौशी नाटकांतून कामं करता करता मुंबईच्या एका मालिकेत लागला होता. मालिकेचं नाव 'शततारका', आणि त्याच नावाचं एक यान दर रविवारी सकाळी आभाळातून चाललेलं असायचं. मला बघायला आला तेव्हा त्यानं स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. "तुम्ही हसता कशाला?" एवढंच विचारलं. कारण तात्या हेरवाडे, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं, ते पोह्यातली मिरची चावून डोळे पुसत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. मला तो तिथंच आवडला. सांगायला लाज कसली?

या भागात त्याचं सगळ्यात मोठं काम होतं म्हणून त्यानं मुद्दाम हाच रविवार धरला. सकाळी आपल्या आईला घेऊन यायचं, सासुरवाडीबरोबर क्लबातल्या रंगीत टीव्हीवर भाग बघायचा आणि मग सुपारी. एवढ्यावर थांबला असता तर काय! रविवारी मालिका लागली की आमच्याकडं लाइट जायची, हे सूर्य उगवण्याइतकं ठरलेलं. तर या पठ्ठ्यानं सबस्टेशनातल्या मित्राला सांगून तेवढ्या वेळापुरती लाइट राखली. आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा ते या माणसाकडून शिकावं. लाइट गेली असती तर दुपारच्या आत सुपारी फुटून सगळे पुरणपोळीला बसले असते.

गोष्ट अशी होती, की यानातली हवा संपत आलेली. कॅप्टन म्हणतो, पुढं चला, तारा जवळ आलाय. पोरं म्हणतात, मागं फिरा, घरी माणसं वाट बघतात. मग बंड, आणि त्याचा म्होरक्या यानातला दुसरा अधिकारी, म्हणजे सुहास. कॅप्टनच्या खोलीचं दार बाहेरून लावणं, चाव्या हिसकावणं, लाल दिव्याची उघडझाप, आणि खाली कुठंतरी धाड धाड वाजत राहणारं. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या बायकांनी फोडणं थांबवलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो मी तसाच धरून उभी राहिले. आणि सुहासनं कॅप्टनच्या दंडाला हात घातला तेव्हा शेजारच्या सुशीलाकाकू किंचाळल्या, "अगं बाई! थोरल्या माणसाच्या अंगावर हात टाकला!"

आता त्याच काकू अप्पांच्या मागून पुढं सरकल्या.

"ढकललं ते ढकललं," त्या सुहासला म्हणाल्या, "पण अंगावर काही द्यायचं होतं की रे बाबा. तिथं थंडी किती असंल!"

"आणि पोटाला?" कुणीतरी विचारलं.

"त्या डबीत दोन-चार दिवसांचं जेवण असतं काकू," सुहासनं अगदी मनापासून सांगितलं.

"आणि मग?" काकूंनी विचारलं.

सुहासनं पोह्यांची बशी खुर्चीखाली ठेवली.

एवढ्यात मागच्या भिंतीजवळून युनियनचा बंडू लोहार उठला. तो दर सभेत जसा उठतो तसाच, मूठ वर करून. "हुकूमशाही मुर्दाबाद!" पाहुण्यांसाठी आणलेला झेंडूचा हार त्यानं टेबलावरून उचलला आणि सुहासच्या गळ्यात घातला. मागच्या चार रांगांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगांनी वळून त्यांच्याकडं बघितलं. कुणीतरी म्हणालं, "तुमच्या बापाला घाला की डबीत!" त्यावर आणखी कुणीतरी बापावरून बोलू नको म्हणालं, आणि चीफ केमिस्टसाहेबांच्या बायकोनं रडत रडत पोरं गोळा केली.

अप्पांचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि हातातला ट्रे खाली ठेवला. अप्पा कारखान्यात हेड टाइमकीपर. गेटवर कोण कधी आला, कधी गेला, कोण पाच मिनिटं उशीर करून दुसऱ्याच्या मागून आत घुसला, हे बघण्यात हयात गेलेली. त्यामुळं युनियनचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं. होणाऱ्या जावयाला पहिला हार घातला तो बंडू लोहारनं, आणि तोही बंड केलं म्हणून!

आम्ही घराकडं निघालो. सुहासनं गळ्यातला हार काढून हातात धरला होता आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. त्याची आई पदर डोक्यावर घट्ट ओढून चालली होती.

बाहेरच्या खोलीत जाजम अंथरलेलं. मध्ये ताट, ताटात विडे, पेढे, हळदकुंकू आणि सुपारी. तात्या हेरवाड्यांनी लग्नं जमवण्यात केस पांढरे केलेले, त्यांनी लगेच हात चोळले. "हं, चला, शुभस्य शीघ्रम्! अप्पा, दगड कुठाय?"

अप्पांनी ताटातली सुपारी उचलली. फोडायला देण्याऐवजी मुठीत घेतली आणि मांडी घालून मूठ मांडीवर ठेवली.

"आधी चौकशी," अप्पा म्हणाले.

कारखान्यात कुणी ड्यूटीवर झोपलेला सापडला की अप्पा असेच बसत. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथंच भिंत धरली.

"कॅप्टनला नोटीस दिली होती?"

"कसली नोटीस?" सुहास म्हणाला.

"काढायच्या आधी नोटीस द्यावी लागती. एकदम उचलून बाहेर टाकता येत नाही."

"अहो अप्पा," तात्या म्हणाले, "ती मालिका आहे! मुंबईत पुठ्ठ्याच्या भिंती लावून केलेली. ती डबी म्हणजे..."

"तात्या, तुम्ही मध्ये पडू नका. सर्व्हिस किती झाली होती त्यांची?"

सुहासनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार, कपाळ?

"लिहिलेलं नव्हतं तसं काही," तो म्हणाला.

"अंदाजे?"

"असेल... तीस-पस्तीस."

"पस्तीस वर्षं!" अप्पांनी मूठ मांडीवर आपटली. "पस्तीस वर्षं ज्यानं गाडी हाकली, त्याला निरोप नाही, नारळ नाही, शाल नाही. दंडाला धरून डबीत!"

"तो ऐकतच नव्हता," सुहास म्हणाला. आता त्यालाही चेव चढला असावा. "हवा संपत आली होती अप्पा. बाकीची चौदा माणसं गुदमरून मेली असती."

"म्हणजे म्हातारा श्वास घेतो ते जड झालं होय?"

"तसं नाही म्हणालो मी."

"मग कसं म्हणालास? म्हाताऱ्याच्या वाटणीची हवा वाचली की नाही तुमची?"

अप्पा 'तुम्ही' वरून 'तू' वर आले होते. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. एवढ्यात सुहासच्या आईनं तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता तरी कुणी शहाणं बोलेल.

"मलाबी ह्यातलं काही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला म्हणाला, आई, यानात मोठ्या हुद्द्यावर आहे मी. मी गल्लीत पेढे वाटले. आता गल्लीत तोंड कसं दाखवू? त्या म्हाताऱ्याचं नाक बघितलं का काचेला लागलेलं? चपटं झालं होतं हो!" आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"आई!" सुहास ओरडला. "तू तरी!"

"तू बोलू नको माझ्याशी."

झालं! वराची आईच फितूर. तात्या भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. आभाळातल्या कुठल्या एका खोट्या म्हाताऱ्यापायी माझं खरं लग्न मोडायला निघालं होतं. मी दारातून सरळ पुढं आले.

"अप्पा, सुपारी सोडा."

"तू आत जा, शैला."

"नाही जात. तुम्हाला हे स्थळ नको असेल तर तसं सांगा. कॅप्टनचं कशाला मध्ये घालता? त्याला काय झालंय? तो बसला असेल मुंबईत कुठंतरी चहा पीत!"

"हो," सुहास घाईघाईनं म्हणाला. "अहो अप्पा, शूटिंग संपल्यावर माझ्याच डब्यातली पोळीभाजी खाऊन घरी गेले ते काका. मला म्हणाले, छान ढकललंस."

"घरी म्हणजे कुठं?" अप्पांनी विचारलं.

"दादरला. लेकीकडं असतात."

अप्पांची मूठ मांडीवर होती तशीच राहिली. बोलले तेव्हा आवाज एकदम खाली आला होता.

"जावयाकडं, असं म्हण."

"हो, तसंच."

"कसा आहे जावई?"

"मी कधी बघितलं नाही त्यांना."

"काही बोलले असतील की. पोळीभाजी खाताना माणूस बोलतो. जावई दार आपटतो का? टीव्ही बघताना, जरा सरका म्हणतो का?"

सुहास नुसता अप्पांकडं बघत राहिला. मीही बघत राहिले, आणि मला समोर माझा बाप दिसला. डोक्यावरचे विरळ केस तेल लावून बसवलेले, त्या दिवसासाठी इस्त्री केलेला पांढरा सदरा, आणि सुपारी इतकी आवळलेली की बोटं पांढरी पडलेली.

जूनमध्ये अप्पा रिटायर होणार होते. रिटायर झालं की कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागतं. मी कधी विषय काढला की म्हणायचे, "गावाकडं जाईन की, मला काय धाड भरलीय!" गावाकडं काय होतं? धाकट्या काकानं घर केव्हाच विकलं होतं आणि त्या जागी दुसऱ्याची पिठाची गिरणी उभी राहिली होती. आणि आमच्याकडं माणूस उपाशी राहील, पण लेकीच्या दारात जाऊन मला ठेवून घ्या म्हणणार नाही. जावयाच्या घरचं पाणीसुद्धा मोजून पिणारी माणसं आम्ही. हे सगळं मला माहीत होतं. फक्त मी ते एकापुढं एक मांडून कधी बघितलं नव्हतं.

आणि ती परत गेलेली स्थळं! मागच्या दिवाळीत एक बाई आमच्याच अंगणात चपला घालता घालता नवऱ्याला म्हणाली होती, "पोरगी चांगली आहे हो, पण एकुलती एक. मागून म्हाताराही गळ्यात पडेल." ते मी ऐकलं होतं. अप्पा तेव्हा फाटकाजवळ उभे होते. त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले होते.

माझा संताप कुठल्या कुठं गेला. मी तिथंच, पाहुण्यांसमोर, ताटाशेजारी खाली बसले.

सुहासनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं हातातला तो झेंडूचा हार जाजमावर ठेवला आणि थोडा पुढं सरकून बसला.

"अप्पा, मालिकेत कॅप्टनला परत घ्यायचं की नाही, ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला. "ते लेखक ठरवतो. पण आमच्या कोल्हापुरातल्या घरात कोण राहणार, ते माझ्या हातात आहे. वरची खोली रिकामी असते."

"कोण येतंय तुझ्याकडं?" अप्पा ताडकन म्हणाले. कान लाल झाले होते. "मी मागितली का खोली? मी काय भिकेला लागलोय?"

मला वाटलं, संपलं. आता हा उठणार, चपला घालणार.

"तुमचं कोण बोलतंय?" सुहास म्हणाला. "मी कॅप्टनचं बोलतोय."

अप्पांनी त्याच्याकडं रोखून बघितलं. सुहासची पापणी लवली नाही. नाटकवाला तो, पण मी नंतर इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली आहेत आणि सांगते, त्या वेळी तो नाटक करत नव्हता.

"कॅप्टनचं होय," अप्पा म्हणाले.

"हो."

अप्पांनी घसा साफ केला.

"कॅप्टन पहाटे उठतो. त्याला उठल्या उठल्या चहा लागतो."

"मी करीन. मलाही लागतो."

"रेडिओ मोठ्यानं लावतो. कमी ऐकू येतं त्याला."

"लावू दे."

"फुकट राहणार नाही तो. पेन्शन आहे त्याला. दूध आणि भाजी त्याच्याकडं."

"दूध त्यांच्याकडं," सुहासची आई मध्येच म्हणाली. पदर अजून डोळ्यालाच होता. "भाजी मी आणते. पुरुष माणसाला भाजी कळत नाही."

"कॅप्टनला कळते," अप्पा म्हणाले.

"गवार तरी निवडून घेता येते का?"

"ताई, कॅप्टननं वीस वर्षं एकट्यानं गवार मोडलीय!"

"बरं बाई, आणू दे मग."

तात्या हेरवाडे डोळे उघडून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. त्यांना वाटलं असणार, सगळ्यांना वेड लागलं. मग त्यांच्याही डोक्यात प्रकाश पडला, कारण त्यांनी टोपी काढली आणि बराच वेळ ती मांडीवर उलटीपालटी करत बसले.

"आणखी एक," अप्पा म्हणाले. आता ते सुहासकडं बघत नव्हते, जाजमाकडं बघत होते. "कॅप्टनचं डोकं कधी फिरतं. वय झालंय. कधी म्हणंल, पुढंच चला. हट्टाला पेटंल. भांडंल. तर तेव्हा..." त्यांचा आवाज फुटला. "तेव्हा तो आपल्या पायानं बाहेर पडंल. त्याला सांगायचं नाही, जा म्हणून."

"नाही सांगणार," सुहास म्हणाला.

अप्पांनी मूठ उघडली. घामानं सुपारी ओली झाली होती. त्यांनी ती सदऱ्याला पुसली आणि ताटात ठेवली. तात्यांना दगड सापडेना म्हणून मी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. पहिल्या घावात सुपारी उडून कपाटाखाली गेली. बंडखोर दुसऱ्या अधिकाऱ्यानं जाजमावर पालथं पडून हात घालून ती बाहेर काढली आणि मग ती फुटली.

पुढच्या रविवारी मालिकेत कॅप्टन मेला. सुशीलाकाकूंनी सुतकाची अंघोळ केली आणि त्या दिवशी त्यांच्याकडं गोडाचं झालं नाही. बंडू लोहार आमच्या दारात येऊन अप्पांना म्हणाला, "वाईट झालं टाइमकीपर." अप्पा म्हणाले, "नाटक होतं ते, येड्या."

अप्पा जूनमध्ये वरच्या खोलीत आले आणि शेवटपर्यंत तिथंच राहिले. ठरल्याप्रमाणं ते भांडायचेही. वर्षातून दोन-तीनदा तरी, कधी रेडिओवरून, कधी निवडणुकीवरून, त्यांचं आणि सुहासचं जोरात व्हायचं. मग अप्पा कापडी पिशवीत दोन सदरे भरायचे, "निघालो मी" म्हणायचे आणि खरंच निघायचे. सुहास त्यांना अडवायचा नाही. पायात चपला सरकवायचा आणि दहा पावलं मागं राहून त्यांच्यामागून चालत जायचा. मी गॅलरीतून बघायचे. पुढं अप्पा, मागं हा, दोघांच्याही माना ताठ. तासाभरानं दोघं परत यायचे. पिशवी सुहासच्या हातात असायची, आणि अप्पा भडंगाचा पुडा फोडून त्यातलं त्याला देत असायचे.